सदाफुलीची पानं मागू नका

आमच्या चाळीत सकाळी दूधवाल्याच्या आधी माझ्या दाराशी कुणीतरी येऊन उभं राहतं. "परबकाका, चार पानं द्या ना." कुणाच्या सासूला साखर असते, कुणाच्या भावाला गाठ निघालेली असते. माझ्या गॅलरीत डालड्याच्या जुन्या डब्यात सदाफुली आहे, हे सगळ्या भटवाडीला माहीत. मी एकतीस वर्षं कॅन्सरवर काम करणाऱ्या लॅबमध्ये होतो, हेही माहीत. या दोन गोष्टी जोडून लोकांनी माझा परस्पर डॉक्टर करून टाकला.

मी डॉक्टर नाही. सातवी पास आहे. मी बाटल्या धुवायचो.

मंडळाचे नाईक म्हणाले, "परब, या वेळी दिवाळी अंकात तुम्ही लिहा. लॅबमधल्या गमतीजमती. लोकांना आवडतात." गमती आहेत, नाही असं नाही. पण माझी बायको सुनंदा जाऊन दोन वर्षं होतील, आणि एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लॅब विक्रोळीला होती. नाव लिहीत नाही. तिथे झाडपाल्यातून काही निघतं का, जे कॅन्सरच्या पेशींना रोखेल, हे बघायचे. बघायचे ते शिकलेले लोक. मी आणि अजून एक जण, आम्ही त्यांच्या हाताखाली. पोत्यातून मुळं, साली, पानं यायची. ती सावलीत वाळवायची, उन्हात नाही, उन्हात त्यातलं निघून जातं. मग दळायची. हळद असली की आठवडाभर माझी नखं पिवळी. सुनंदा म्हणायची, लग्न पुन्हा लागलं की काय तुमचं. दळलेलं स्पिरिटमध्ये भिजत घालायचं, कागदातून थेंब थेंब गाळायचं, मग ते स्पिरिट उडवून टाकायचं. तळाला काकवीसारखं चिकट काहीतरी उरतं. तो अर्क. पोतंभर पानांतून वाटीभरसुद्धा नाही.

आता पेशी. कॅन्सरच्या पेशी चपट्या बाटलीत वाढवतात, गुलाबी पाण्यात. ते पाणी म्हणजे त्यांचं जेवण. उबदार कपाटात ठेवायच्या. आमच्या मॅडम, म्हणजे त्या विभागाच्या मुख्य, त्यांनी मला पहिल्याच महिन्यात दुर्बिणीतून दाखवलं. बारीक बारीक, तळाला चिकटलेल्या. म्हणाल्या, "परब, चांगल्या पेशी शेजारणीला धक्का लागला की थांबतात. या थांबत नाहीत. एकमेकींच्या अंगावर चढतात." मी म्हटलं, मॅडम, आमच्या चाळीतल्यासारखंच की. त्या खूप हसल्या.

एका पेशीच्या दोन होताना आत सूत ताणलं जातं, त्या सुतावरून माल दोन्हीकडे वाटला जातो, असं त्यांनी सांगितलं. सदाफुलीच्या पानात एक द्रव्य असतं, ते हे सूत धरूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते. ना एक राहते ना दोन होते. शेवटी मरते. यातूनच खरं औषध बनलं आहे, सगळ्या जगात वापरतात, शिरेतून देतात. हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो. कुंपणाला, गटाराच्या कडेला उगवणारी सदाफुली! लॅबच्या मागच्या भिंतीशी उगवलेलं एक रोप मी उपटून घरी आणलं. सुनंदाने ते डालड्याच्या डब्यात लावलं. तेच हे झाड, म्हणजे त्याचंच बी पुन्हा पुन्हा.

प्रत्येक प्रयोगात तीन प्रकारच्या बाटल्या. एकीत नवीन अर्क. एकीत सदाफुलीचं ते औषध, विकत आणलेलं, त्याचं काम ठाऊक आहे म्हणून तुलनेला. आणि एकीत काहीच नाही. नुसत्या पेशी, आपल्या वाढताहेत. तिला म्हणायचं कंट्रोल. मला सुरुवातीला ते फुकट घालवणं वाटायचं. मी विचारलंही, हिला काही घालायचंच नाही तर ठेवायची कशाला? मॅडम म्हणाल्या, "परब, हीच सगळ्यात महत्त्वाची. ही नसेल तर बाकीच्या बाटल्यांत जे झालं ते कशामुळे झालं, हे कधीच सांगता येणार नाही."

एकतीस वर्षांत अर्क किती आले आणि गेले. बहुतेक फसायचे. काही थोडेसे चालायचे, पेशी जरा मंदावायच्या. पण सदाफुलीची बाटली कधी फसली नाही. दर वेळी पेशी जागच्या जागी थांबलेल्या. मी दुर्बिणीतून हळूच बघून घ्यायचो आणि मनातल्या मनात शाबास म्हणायचो. तेवढंच ध्यानात ठेवा. त्याचंच मला पुढे नडलं.

माझं खरं काम बाटल्या धुण्याचं. हसू नका. साबणाच्या पाण्यात भिजत घालायच्या, ब्रशने घासायच्या, मग नळाचं पाणी सात वेळा, आणि वर डिस्टिल्ड पाणी तीन वेळा. सात आणि तीन. नंतर भट्टीत वाळवून मोठ्या कुकरमध्ये वाफवायच्या. घरीसुद्धा माझी सवय जायची नाही. मी भांडी विसळायला बसलो की सुनंदा ओरडायची, "पुरे झाला! नळाचा पाणी काय तुमच्या लॅबातून येता?"

तर एकदा झालं असं. प्राची म्हणून एक मुलगी मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होती. मुलुंडची. सकाळी सातला यायची, डबा खायला विसरायची, मला "काका, पाच मिनिटं" म्हणायची आणि तासाने उठायची. ती आंबेहळदीवर काम करत होती. दीड वर्षं नुसतं ठीकठीक चाललं होतं. आणि एक दिवस तिच्या अर्काच्या बाटल्यांतल्या पेशी साफ मेल्या. कंट्रोलमध्ये धडधाकट, अर्कात साफ. तिने पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. पोरगी नाचायची बाकी राहिली. पेढे आणले. मला दोन दिले, एक सुनंदाला म्हणून.

पेढा तोंडात टाकला आणि बाटल्यांवरच्या तारखेकडे माझी नजर गेली. मला आठवलं. त्या आठवड्यात डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बिघडलं होतं. नवीन साबण आला होता, फेस फार. आणि मला पुतण्याच्या लग्नाला कुडाळला जायची घाई. त्या खेपेच्या लहान बाटल्यांना मी सातऐवजी तीन पाणी दिलं आणि डिस्टिल्ड दिलंच नाही. प्रत्येक खेपेला मी चिकटपट्टीवर तारीख लिहायचो. प्राचीने अर्क पातळ करून ठेवला होता तो त्या तारखेच्या बाटल्यांत. कंट्रोलची बाटली जुन्या खेपेची.

साबण, बाबांनो. पेशींना साबणाचा एक ठिपका पुरतो.

घरी गेलो. सुनंदाने पेढा बघून विचारलं, कसले? मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती चहा गाळत होती, वर न बघता म्हणाली, "मग उद्या जावन सांगा."

"नोकरी जाईल."

"गेली तर गेली. पण त्या चेडवाचा काम खोट्यावर उभा रवला तर?"

गेलो. मॅडमसमोर उभा राहिलो आणि बोललो. प्राची तिथेच होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. उठून बाहेर गेली, जिन्यात बसून रडली. मॅडमनी सगळ्या बाटल्या स्वच्छ धुवायला लावून प्रयोग पुन्हा करायला सांगितला. खऱ्या बाटल्यांत आंबेहळदीने पेशी मेल्या नाहीत. मंदावल्या. थोड्या. प्राचीने तेच लिहिलं, थोड्या मंदावतात म्हणून, आणि त्यावरच तिला पदवी मिळाली. त्या दिवशी ती परत पेढे घेऊन आली. म्हणाली, "काका, हे खा बिनधास्त. हे सात पाण्यातले आहेत." नोकरी गेली नाही. उलट मॅडमनी नियम केला की धुतलेल्या प्रत्येक खेपेची एक बाटली आधी नुसत्या पेशी घालून तपासायची. त्या नियमाला लॅबमध्ये सगळे 'परब टेस्ट' म्हणायचे. सातवी पास माणसाच्या नावाची टेस्ट. मी छाती काढून चालायचो, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट फाटकावरची. पेपरात अधूनमधून छापून यायचं, अमक्या झाडाने कॅन्सर बरा. की दोन दिवसांत फाटकावर माणसं हजर. एकदा भांडुपचा एक माणूस आला. आईला पोटात गाठ. हातात पेपराचं कात्रण, घडी घालून घालून फाटलेलं. वॉचमनला ऐकेना, म्हणून मॅडमनी मला खाली पाठवलं, परब तुम्ही समजावा, तुमचं ऐकतील. त्याने माझे पायच धरले. "साहेब, वाटीभर अर्क द्या. काय लागेल ते करतो." मी म्हटलं, ऊठ आधी. साहेब कुणाला म्हणतोस, मी बाटल्या धुतो. तो म्हणाला, पण इथे पेशी मरतात ना? मी म्हटलं, मरतात. साबणानेही मरतात. साबण पाजशील का आईला?

त्याने पुन्हा घडी घातली. कात्रण खिशात घातलं आणि गेला. मला वाटलं, काय तोडीस तोड बोललो. घरी येऊन सुनंदाला रंगवून सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, "बरोबर बोललात. पण त्याका बसवन पाणी तरी द्यायचा होता." मला तेव्हा तिचं म्हणणं कळलं नाही. पाणी कशाला, म्हटलं, मुद्दा तर पटला ना.

मी रिटायर झालो. पुढच्या वर्षी सुनंदाच्या मानेला गाठ आली. दुखत नव्हती. ती म्हणाली, थंडीने आली असेल. मीच ओढून नेली. तपासण्या झाल्या. रसग्रंथींचा कॅन्सर, लिम्फोमा. डॉक्टर तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा, पण बोलायला मऊ. म्हणाला, "काका, या प्रकारात औषधं चांगली चालतात. सहा वेळा यायचं, दर तीन आठवड्यांनी." चार-पाच औषधांची नावं लिहून दिली. त्यातलं एक नाव मी वाचलं आणि खुर्चीतून उठलोच. एकतीस वर्षं त्या नावाची चिठ्ठी मी बाटलीवर बघत होतो. सदाफुलीचं औषध.

सलाइन लावलं तेव्हा मी तिला म्हटलं, "हे आपल्या डब्यातलं आहे बरं का."

ती म्हणाली, "मगे घरातच पिळून दिला असता. इतको लांब कशाक आणलात?" बाजूची नर्ससुद्धा हसली.

दोन खेपांत गाठ निम्मी झाली. मी चाळीत सांगत फिरलो. पण बाकीचं शरीर सोसत नव्हतं. केस गेले, त्याचं तिला काही वाटलं नाही, पदर घ्यायची. गणपतीत मात्र रडली. आमच्याकडे मोदक तीच वळायची, एकवीस कळ्यांचे, कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या वर्षी पारी हातात घेतली आणि कळी पडेना. बोटांच्या टोकांना काही जाणवतच नव्हतं. "माझी बोटां खय गेली?" म्हणाली. डॉक्टरने सांगितलं होतं, हे सदाफुलीच्याच औषधामुळे होतं, नसांच्या आतही तसलंच सूत असतं. उशिराने बहुतेक बोटं सुधारतात. पण मोदक उशिराने चालत नाहीत. ते सुनेने साच्यातून काढले.

तिसरी खेप झाल्यावर ती म्हणाली, पुरे, मला आता नको. मी घाबरलो. आणि तिथे माझं डोकं फिरलं. लक्षात घ्या, माझंच फिरू शकत होतं असं ते होतं. दुसरा कुणी असता तर त्याला ते जमलंही नसतं. मी विचार केला, औषध शिरेतून एकदम देतात म्हणून सोसत नाही. पान तेच. मला काढता येतं. रोज थोडं थोडं पोटातून दिलं तर बोटंही वाचतील आणि गाठही जाईल. एकतीस वर्षं ती बाटली कधी फसली नव्हती.

मी गॅलरीतली पानं काढली. सावलीत वाळवली. कुटली. स्पिरिट कुठलं आणणार, पाण्यात उकळून आटवली. रिटायर होताना ड्रॉवरमध्ये राहिलेले गाळायचे कागद मी घरी आणले होते, त्यातून गाळली. थेंब थेंब. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून रोज सकाळी एक टोपण. सुनंदाला म्हटलं, गुळवेल आहे, ताकदीला. तिने तोंड वाकडं केलं आणि प्याली. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी तिला ताप. उलट्या. पोट फुगून ढोल, वाराही सरेना. हातापायांच्या मुंग्या वाढल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली. भरती केली. डॉक्टरने मला बाहेर घेतलं. "काका, घरी काही काढा, पावडर, झाडपाला देताय का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

मी म्हटलं, "नाही."

कसं आलं तोंडातून मला माहीत नाही. लॅबमध्ये होतो असं त्याला मोठ्या ऐटीत सांगून बसलो होतो. त्याच्यासमोर मी गावठी ठरलो असतो, हे एक. आणि मीच तिला हे केलं असेल, हे मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं नव्हतं, हे दुसरं.

पहिल्या दिवशी त्यांनी रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि पोटाचे फोटो. तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बदललं. माणसं धावत होती, कारण शोधत होती, आणि कारण त्यांच्या बाजूला स्टुलावर बसून चहा पीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाला, "पोट आणि नसा, दोन्ही एकाच औषधाकडे बोट दाखवतात. यांना ते सोसत नाही. पुढच्या तीन खेपांत ते आपण बंद करतोय." मी विचारलं, ते चांगलं औषध आहे ना? "चांगलं आहे. म्हणून तर वाईट वाटतंय. पण धोका घेता येणार नाही."

सदाफुलीचं औषध. साबण मी घालायचा आणि दोष भलत्याच बाटलीला. तेव्हा साबणामुळे कमजोर अर्क जबरदस्त दिसला होता. आता माझ्या काढ्यामुळे चांगलं औषध वाईट दिसत होतं. दोन्ही वेळा ठाऊक एकट्या मलाच.

डॉक्टर गेला. सुनंदा डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली आहे. ती म्हणाली, "सांगलात नाय त्याका?"

"काय?"

"ता गुळवेल नव्हता. माका ठावक आसा. झाड बोडका केलात, माका दिसाक नाय?"

मी म्हटलं, मग प्यायलीस कशाला?

"तुमी थय कागदातसून थेंब थेंब गाळी होतात. दिसभर. असा तोंड करून." ती थांबली, तिला दम लागला होता. "कसा नको म्हणू?"

थोड्या वेळाने म्हणाली, "माका साबू पाजलात तुमी." रागाने नाही. थोडी हसलीच. मग म्हणाली, "पेढ्याच्या टायमाक गेल्लात, तसे जावा."

मी गेलो. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात होता, दाराशी उभा राहिलो. सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. कुठली पानं? किती? पाणी किती, आटवून किती, टोपण केवढं, किती दिवस? मी लॅबमध्ये सांगायचो तसं सगळं सांगितलं, त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही लॅबमध्ये होता ना? मग तुम्हाला तर..." आणि तिथेच थांबला. रागावणार नाही म्हणाला होता, रागावला नाही. पण ते अर्धं वाक्य माझ्याकडे अजून आहे.

मग त्याने मला बसवलं. पाणी मागवलं. ग्लास हातात आला तेव्हा मला भांडुपचा तो माणूस आठवला. मी त्याला उभ्या उभ्या घालवलं होतं.

डॉक्टरने जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण पानं मागणाऱ्यांसाठीच हा खटाटोप आहे. गोण्या गोण्या पानांतून चिमूटभर औषध निघतं, ते शुद्ध करतात, माणसाच्या मापाने मोजतात, तेव्हा ते औषध. पानात त्याच्यासोबत आणखी किती तरी द्रव्यं असतात, काही सरळ विषारी, आणि कुठल्या पानात किती ते कुणाला सांगता येत नाही. ते औषध शिरेतूनच द्यायचं, पोटातून धड अंगी लागत नाही. म्हणजे जे हवं होतं ते माझ्या टोपणातून तिला मिळालंच नसणार. नको ते किती मिळालं, देव जाणे. आणि बाटलीत पेशी एकट्या असतात. माणसात पेशींबरोबर पोट असतं, नसा असतात, रक्त असतं. बोटं असतात.

मी विचारलं, हे सगळं माझ्यामुळे झालं का?

"माहीत नाही. तिसऱ्या खेपेनंतर नुसत्या औषधांनीही असं होऊ शकतं. काढ्यानेही होऊ शकतं. दोन्ही एकदम दिल्यावर वेगळं काढून सांगता येत नाही." मग म्हणाला, "पण आता मी ते औषध सरसकट बंद करणार नाही. बरं झालं सांगितलंत."

सुनंदा सावरली. चौथी खेप तीन आठवडे उशिरा झाली. सदाफुलीचं औषध तिला मिळालं, कमी मापाने, पण मिळालं. सहाही खेपा पुऱ्या केल्या. गाठ गेली. दीड वर्ष चांगलं गेलं. पुढच्या गणपतीत तिने पाच मोदक स्वतः वळले, कळ्या वाकड्या, पण वळले. सगळ्यांना दाखवत फिरली. मग ते परत आलं, आणि या वेळी कशालाच दबलं नाही.

ती गेल्यावर प्राची भेटायला आली. आता मोठ्या जागेवर आहे, केस पिकलेत, पण अजून काकाच म्हणते. सुनंदाच्या फोटोजवळ पेढे ठेवले. चहा झाला. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "पोरी, तू शिकलेली आहेस. मला खरं सांग. ती पानं दिली नसती, ते तीन आठवडे गेले नसते, तर ती असती का?"

तिने कप खाली ठेवला. मला बरं वाटावं म्हणून ती खोटं बोलू शकली असती. म्हणाली, "काका, एकाच बाटलीवरून काही सांगता येत नाही."

बरोबर आहे. दुसरी सुनंदा कुठे होती, जिला मी काही दिलं नाही? माणसाला कंट्रोल नसतो.

प्राची कप धुवायला उठली, मी उठू दिलं नाही. मीच धुतले.

डबा अजून गॅलरीत आहे. झाड उपटून टाकणार होतो, हात धजला नाही. त्याचा काय दोष, ते आपलं काम चोख करतं. देवाला फुलं हवीत तर या, न्या. पानं मागू नका. मागायला आलात तर आता मी हाकलत नाही, आत बसवतो, पाणी देतो आणि एवढंच विचारतो की तुम्ही घरी काय देताय ते डॉक्टरला माहीत आहे का. नसेल तर उठा आणि जाऊन सांगा. एकट्याने जायची लाज वाटत असेल तर मी येतो बरोबर. तिघांबरोबर गेलोय आत्तापर्यंत.

पानांनी काय केलं ते मला कधी कळणार नाही. पण विचारल्यावर नाही म्हणालो आणि चार दिवस तिच्या उशाशी गप्प बसून राहिलो, तिला सुया टोचताना बघत. ते कुणी केलं हे समजायला कंट्रोल लागत नाही.